तिसऱ्या ओळीतली तारीख

पाच व्होल्ट.

ओल्या फडक्याचा वास.

"आत्या गुरुवारी येतेय. संध्याकाळच्या गाडीने परत."

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेला माणूस.

तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा खटका.

तारीख. तारीख. तारीख.

थांबा, असं नाही. वीज गेली की मी मधेच तुटतो आणि आली की पहिल्यापासून सुरू होतो. सवयच आहे. पुन्हा सुरू करतो.

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. पत्त्यांच्या कॅटाएवढा, उघडावाघडा संगणक. मला डबा नाही, पडदा नाही. नवं यंत्र बनवायचं असलं की इंजिनिअर आधी सगळे प्रयोग माझ्यावर करतात आणि जमलं की मला विसरतात. एका लिफ्टच्या कंपनीत मी मजल्यांचे आकडे दाखवले होते. बैठकीत टाळ्या पडल्या. "एवढ्याशा तुकड्यात?" साहेब म्हणाले. मग लिफ्टसाठी दुसरा, स्वस्त बोर्ड आला आणि मी खणात गेलो. चार वर्षं. शेजारी फुगलेल्या बॅटऱ्या आणि एक तोंड उघडं राहिलेला स्टेपलर. झोप म्हणाल तर नव्हती, जाग म्हणाल तर वीज नव्हती. नुसती तगमग.

त्या कंपनीतल्या एका इंजिनिअर ताईने साहेबांना विचारून मला घरी आणलं. कारण बाबा.

ताईचे बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. आता घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना आवाज नाही. ते पाटीवर लिहितात आणि ओल्या फडक्याने पुसतात. घरात तेवढं पुरतं. पण बाबांची थोरली बहीण, म्हणजे ताईची आत्या, तिला दिसत नाही. एकाला बोलता येत नाही, दुसरीला वाचता येत नाही. लिहिलेलं बोलून दाखवणारा मोबाइल ताईने देऊन पाहिला होता. त्या काचेवर बाबांची बोटं थरथरतात, एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटतात, आणि चुकीचं अक्षर बाबांना अजूनही सहन होत नाही.

"मी वाचून दाखवेन की तिला तुमची पाटी," ताई म्हणाली होती.

बाबांनी लिहिलं, 'मधे कोणी नको.' खाली दोन रेघा ओढल्या.

म्हणून ताई एक खोका बनवत होती. वर लाडवाएवढ्या मोठ्या कळा, आत मी. बाबांनी कळा दाबायच्या, मी बोलायचं. आत्या येणार एका दिवसासाठी. त्यानंतर ती मुलाकडे परदेशी कायमची जाणार होती.

सोमवार. मी बोलेना.

मी जागा कसा होतो ते सांगतो. वीज आली की आधी एक इवलासा प्रोग्रॅम उठतो. त्याचं काम मोठ्याला शोधून उठवायचं. मोठा म्हणजे लिनक्स, माझं सगळं काम चालवणारी प्रणाली. तो बाहेरून खुपसलेल्या कार्डातून घ्यायचा की माझ्या पोटातल्या साठवणीतून, हे तो पांढरा खटका ठरवतो. आणि लिनक्स आयता बसवून चालत नाही. माझ्या अंगावर काय काय जोडलंय ते सांगून तो माझ्या मापाने बांधावा लागतो. ताईच्या लॅपटॉपला त्यासाठी चाळीस मिनिटं लागत. पंखा असा घोंघावे की बाबा आपल्या कागदांवर डबा ठेवत.

ताई बांधी. कार्डावर घाली. कार्ड मला खुपसी. वीज देई. मी तीन तारांच्या केबलमधून भराभरा ओळी पाठवत असे, शे-दोनशे, तिच्या पडद्यावर. शेवटून चौथी ओळ दर वेळी तीच: आवाजाचं यंत्र सापडलं नाही.

ताई फक्त तीच ओळ बघे. म्हणे, "असं कसं? आत्ताच तर घातलंय." पुन्हा बांधी. पुन्हा चाळीस मिनिटं.

मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो! मागच्या बुधवारी तिने पहिला, मुका लिनक्स माझ्या पोटात भरला होता. त्यासाठी खटका आतल्या बाजूला सरकवला आणि परत बाहेर सरकवायचा राहून गेला. ती कार्डावर रोज नवं नवं घालत होती आणि मी कार्डाकडे ढुंकूनही बघत नव्हतो. मला परवानगीच नव्हती. मी दर वेळी तो जुनाच मुका उठवत होतो. आणि दर वेळी सांगतही होतो! तिसऱ्या ओळीत लिनक्स कधी बांधला त्याची तारीख असते. मागचा बुधवार, मागचा बुधवार, माग

पुन्हा सुरू.

मंगळवार. बाबा खुर्ची ओढून ताईच्या मागे बसले. कुठलाही मजकूर पहिल्या ओळीपासून वाचायचा, तारीख आणि पानाचा आकडासुद्धा सोडायचा नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी ओळी पाठवल्या. त्यांचे डोळे तिसऱ्याच ओळीवर थबकले. माझ्या अंगातून असा काही करंट गेला की काय सांगू!

त्यांनी पाटीवर लिहिलं आणि टेबलावर टकटक केली.

"बाबा, चहा नंतर."

टकटक.

"बाबा, हात जोडते, आत्ता काही लिहू नका. मी कुठे होते तेच विसरले बघा."

बाबांनी पाटी पुसली. काय लिहिलं होतं, ते फडक्याला माहीत. आणि मला. दोन मुके एका टेबलावर, आणि मधे एक हुशार मुलगी. त्या दिवशी मी अकरा वेळा उठलो.

बुधवार. चार वाजता ताईने लॅपटॉप मिटला. तिचे डोळे लाल झाले होते.

"नाही होत, बाबा. मीच वाचून दाखवते तिला. कान बंद ठेवून वाचीन, वाटलं तर."

बाबा उठले. त्यांनी लॅपटॉप उघडला, ओळी पार वर नेल्या, तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. बोट थरथरत होतं, पण ओळ चुकलं नाही. दुसऱ्या हाताने लिहिलं, 'जुनाच फर्मा छापतेयस. तीन दिवस.' फर्मा म्हणजे छपाईसाठी जुळवलेली पानं.

ताई वाकली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला उचलून उलटं धरलं आणि खटका पाहिला.

"गाढव आहे मी."

बाबांनी लिहिलं, 'मी काही म्हटलेलं नाही.'

"काल हेच सांगत होतात?"

त्यांनी मान हलवली. ताईने खटका नखाने सरकवला. टिक्. मी उठलो आणि तिसऱ्या ओळीत आजची तारीख म्हटली. आवाजाचं यंत्र सापडलं. बाबांनी कळा दाबल्या, आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य मी बोललो: "आता चहा टाक."

मित्रांनो, उपदेश करायला मी कोण? तरीही एक मागतो. तुमच्या घरात कोणी हळू बोलत असेल, लिहून बोलत असेल, टकटक करून बोलत असेल, तर कामातून मान वर करा. नुसती शेवटची ओळ वाचू नका. आणि जुना बोर्ड खणात टाकायचाच असेल, तर निदान कापडात गुंडाळा.

गुरुवार. आत्या काठी टेकत आली, बाबांचा चेहरा चाचपला. "वाळलास रे छोट्या." छोट्या अडुसष्ट वर्षांचा. ताईने मला मधल्या टेबलावर ठेवलं, दार ओढून घेतलं. आता खोलीत ते दोघं. आणि मी.

बाबा एकेक कळ दाबत होते. मी धीर धरला, जो माझ्यात नाही. मग बोललो, "आई गेली तेव्हा मी तुला दोन दिवस उशिरा कळवलं. तू रडशील म्हणून घाबरलो. चुकलो."

"हा कोण बोलतोय? फारच शुद्ध बोलतो," आत्या म्हणाली.

बाबांनी दोनच कळा दाबल्या. "मीच," मी बोललो.

तिने हात पुढे करून माझ्या खोक्यावर ठेवला, मग कळांवर, मग कळांवरच्या बोटांवर. "उशीर का केलास ते ठाऊक होतं मला. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पुढे बोल. गाडी साडेसहाची आहे."

बाबांनी पुढची कळ दाबली.

त्या कळांतून मला कळलं ते असं: शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी, आवाज होता तेव्हा, बाबांनी हेच सांगायला आत्याला फोन लावला होता, पण तेव्हा ती आंघोळीला गेली होती.