या एकदा सिंगापूरला

पुण्याच्या माणसानं निरोप घेताना "या एकदा घरी" म्हटलं, की समोरच्यानं "हो, हो, नक्की" म्हणायचं आणि विसरून जायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. निशिकांत आगाशेची चूक एवढीच, की तो हे वाक्य जोहान्सबर्गमध्ये बोलून बसला. तिथल्या माणसाला ते खरं वाटलं.

दोन वर्षांनी, गुरुवारी संध्याकाळी, सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या त्याच्या घरात फोन वाजला.

"मिस्टर निशी? मी बोंगानी. अलेक्झांड्राचा बोंगानी. मी आलोय."

"कुठे?" निशिकांतनं विचारलं. खरं तर कुठे ते त्याला लगेच कळलं होतं, पण घाबरला की माणूस असलेच प्रश्न विचारतो.

बोंगानी सिंगापूरला आला होता. कुठल्याशा पर्यटन प्रशिक्षणाच्या कोर्सला त्याची निवड झाली होती, हॉस्टेलवर राहत होता आणि शनिवारी मोकळा होता. "माझ्या आईनं तुमच्या मिसेसना नमस्कार सांगितलाय," तो म्हणाला. "घरी कधी येऊ?"

मीनल आमटीचा डाव हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोनवर इंग्रजी चाललंय आणि नवरा घाम पुसतोय, एवढ्यावरून तिनं सगळं ओळखलं. तिनं डाव हलवून नाही म्हटलं. मग जवळ येऊन पुटपुटली, "मी पुण्याला गेलेय म्हणून सांग. जाईला घेऊन."

"माझी बायको मुलीला घेऊन पुण्याला गेली आहे," निशिकांत फोनमध्ये म्हणाला. "घरी कोणीच नाही. पण आपण बाहेर भेटू. मी तुम्हाला शहर दाखवतो."

"चालेल," बोंगानी म्हणाला. "मी तुम्हाला पायी फिरवलं होतं. आता तुम्ही मला पायी फिरवा."

निशिकांत बँकेच्या रिस्क विभागात होता. म्हणजे संशय घेणं हा त्याचा पोटापाण्याचाच धंदा. आणि त्या वेळी अलेक्झांड्रात तो आपला धंदा सोबत घेऊन गेला होता. जोहान्सबर्गच्या श्रीमंत सँडटन भागातल्या काचेच्या इमारतीत त्यांची मीटिंग होती, शनिवार रिकामा होता, आणि तिथल्या सहकाऱ्यानं उत्साहानं त्याचं नाव पायी फिरण्याच्या टूरला घातलं. हायवेच्या एका अंगाला ते मोठमोठे मॉल, आणि दुसऱ्या अंगाला अलेक्झांड्रा टाउनशिप, म्हणजे काळ्या लोकांची गरीब वस्ती, पत्र्याच्या छपराला छप्पर चिकटलेली. निशिकांतनं घड्याळ हॉटेलवर ठेवलं, पासपोर्ट मोज्यात घातला आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवून त्यावर हात ठेवला. तो हात त्यानं चालताना एकदाही काढला नाही.

बोंगानी गाइड होता. उंच, डोक्यावर लाल टोपी, आणि चालताना दर चार पावलांवर कोणाशी तरी बोलायचा. सार्वजनिक नळावर बादल्या लावून बसलेल्या बायका, छत्रीखाली खुर्ची टाकून वेण्या घालणारी मुलगी, जुन्या कंटेनरमध्ये न्हाव्याचं दुकान थाटलेला म्हातारा, सगळ्यांना तो नावानं हाक मारी आणि निशिकांतची ओळख करून देई. निशिकांत हसून हात हलवी. मनात म्हणे, हा एवढ्या लोकांना मला का दाखवून ठेवतोय?

मग बोंगानी मोठा रस्ता सोडून एका बोळात वळला. बोळ इतका अरुंद, की दोन्ही हातांना पत्रे लागत होते. मागे वळून पळायचं कुठून, याचा निशिकांतनं हिशेब केला आणि पळता येणार नाही हे त्याला समजलं. बोळाच्या टोकाला एक निळं दार होतं. दारामागे बोंगानीची आई होती.

तिनं त्याला घरातल्या एकुलत्या एका सोफ्यावर बसवलं. क्रोशाचं पांढरं कव्हर घातलेला सोफा, वर चहाचा एक डाग नाही. घरी केलेलं आल्याचं सरबत त्याच्या हातात दिलं. निशिकांतनं पोट बिघडल्याचं सांगितलं आणि ग्लास नुसता धरून बसला. तुमच्या घरी कोण कोण, असं तिनं विचारल्यावर मात्र त्याची पंचाईत झाली, कारण बायको-मुलीचा फोटो पाकिटात होता. जीव मुठीत धरून त्यानं पाकीट काढलं.

म्हातारीनं फोटो खिडकीपाशी नेला. मीनल आणि जाई, दिवाळीतला फोटो. बराच वेळ पाहून तिनं तो बोंगानीला दिला, त्यानंही निरखून पाहिला. "हे गळ्यातले काळे मणी कसले?" तिनं विचारलं. लग्न झालेल्या बाईचे, असं निशिकांतनं सांगितलं. ती हसली. ती स्वतः मणी ओवून माळा करायची, बाजारात विकायची. "आमच्याकडेही मण्यांना अर्थ असतो," ती म्हणाली, आणि फोटो पदराला पुसल्यासारखा ॲप्रनला पुसून परत दिला.

पाकीट जसंच्या तसं होतं. निशिकांत धडधाकट बाहेर आला. सुटलो, या आनंदाच्या भरात त्यानं बोंगानीचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो म्हणाला, "या एकदा सिंगापूरला. आमच्याकडेच या, मरीन परेडला. खिडकीतून समुद्र दिसतो, जहाजं रांगेनं उभी असतात." वर कार्डही दिलं.

"काहीतरी मागायला आलाय," मीनल शुक्रवारी रात्री म्हणाली. "नोकरी म्हण, व्हिसा म्हण. नाहीतर कोर्स संपला की इथेच पथारी पसरेल. चंद्रशेखरचं आठवतंय ना?"

चंद्रशेखर हा तिच्या मावसबहिणीचा दीर. खोली मिळेपर्यंत दोन दिवस राहतो म्हणून आला आणि नोकरीच्या परवान्याचा पास हातात पडेपर्यंत त्यांच्या हॉलमध्ये घोरत राहिला. म्हणजे मीनलची भीती अगदीच हवेतली नव्हती. पण चंद्रशेखरला तिनं रोज गरम पोळी वाढली होती, हेही खरं. आणि हाच बोंगानी लंडनहून आला असता आणि गोरा असता, तर तिनं पुरणपोळीचा घाट घातला असता. हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते कोणी बोललं नाही.

शनिवारी बोंगानी लिटल इंडिया स्टेशनबाहेर उभा होता. तीच लाल टोपी, पण इस्त्रीचा शर्ट, आणि काखेत एक कापडी पिशवी, घट्ट धरलेली. निशिकांतचं लक्ष आधी पिशवीकडे गेलं. कागदपत्रं असतील, त्याच्या मनात आलं. अर्ज असेल, आपली सही हवी असेल.

दोघं सेरंगून रोडनं चालू लागले. मोगऱ्याचे गजरे, पितळेची भांडी, भाजीच्या टोपल्या. निशिकांत गाइडसारखं बोलायचा प्रयत्न करत होता. "ही इथली जुनी वस्ती." "हे देऊळ फार प्रसिद्ध आहे." बोंगानी ऐकून घेई आणि मग कोणाकडे तरी बोट दाखवून विचारी, "हे तुमच्या ओळखीचे?"

"नाही."

"आणि हे फुलवाले?"

"नाही. मी इथे क्वचित येतो."

आपल्या ओळखी किती, हे हा का चाचपतोय? निशिकांतच्या मनात पाल चुकचुकली. एका दुकानात बोंगानीला पाणी प्यायचं होतं. बाटली उघडायची म्हणून निशिकांतनं मुद्दाम पिशवीकडे हात केला, "द्या, मी धरतो."

"नको," बोंगानी म्हणाला, आणि पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. त्यावर निशिकांतचा संशय दुप्पट झाला.

दुपारी जेवण झालं. निशिकांतला वाटलं आता सुटलो, पण बोंगानी म्हणाला, "आता जहाजं."

"शहरातल्या मरीनाला जाऊ. तिथून छान दिसतात."

"ती नाही. तुमच्या खिडकीतली. मरीन परेड म्हणाला होतात ना?"

याला सगळं आठवतंय. दोन वर्षांपूर्वी बोललेलं नाव, खिडकी, रांग, सगळं. नाही म्हणायला एक धड कारण सुचेना, तेव्हा निशिकांत त्याला बसमध्ये घालून मरीन परेडला घेऊन आला. आपल्या इमारतीच्या बाजूनं न जाता लांबच्या भुयारी वाटेनं त्यानं त्याला समुद्रावर नेलं. मीनलला कळवावं असं मनात आलं, पण बोंगानीच्या देखत फोन कसा करणार? ती पुण्यात होती.

जहाजं खरंच रांगेनं उभी होती. बोंगानी टोपी काढून बराच वेळ पाहत राहिला. मग इमारतींकडे वळून म्हणाला, "तुमचं घर कोणतं?"

निशिकांतनं हात उचलला आणि पलीकडच्याच एका उंच इमारतीकडे बोट केलं. का केलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बोंगानीनं तिचा फोटो काढला.

"आईला दाखवतो," तो म्हणाला. "ती विचारील."

दोघं दगडांवर बसले. बोंगानी हसून बोलायला लागला. "माझ्याबरोबर फिरलेला प्रत्येक पाहुणा जाताना म्हणतो, आमच्याकडे या. जर्मन म्हणतात, कॅनडावाले म्हणतात. सिंगापूरचेही पुष्कळ येऊन गेले. इथे पोहोचल्यावर मी सगळ्यांना फोन केले. कोणी उचलला नाही, कोणी म्हणालं राँग नंबर. एकानं मला ओळखलंच नाही. तुम्ही ओळखलंत. रात्री आईला फोन करून सांगितलं, बोललेला शब्द पाळणारा एक तरी निघाला."

निशिकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस काही मागत नव्हता. आणि मागत असेल, तर जे दोन वर्षांपूर्वी आपणच देऊ केलं होतं तेवढंच. चला, वर या, चहा घ्या, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो. "बोंगानी," त्यानं सुरुवात केली, आणि तिथेच थांबला. वर जायचं तर पुण्याला गेलेली बायको दार उघडणार. बोट दाखवलं त्या इमारतीत आपलं घर नाही, हेही सांगावं लागणार. खोटं बोलताना परतीची वाट त्यानं ठेवलीच नव्हती.

"काय?" बोंगानीनं विचारलं.

"काही नाही. ऊन फार आहे."

परतताना तो थकला होता, मन भलतीकडेच होतं, आणि पाय सवयीनं रोजच्या भुयारी वाटेत शिरले. पलीकडे बाहेर पडल्यावर समोर बस स्टॉप, आणि बस स्टॉपशेजारी, दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन, मीनल.

तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लाल टोपीकडे. मीनल चटपटीत आहे, हे तिच्या माहेरी अजून कौतुकानं सांगतात. तिनं तोंडभर हसून इंग्रजीत म्हटलं, "हॅलो, मिस्टर आगाशे. मिसेस कधी येतायत पुण्याहून?"

"पुढच्या आठवड्यात," निशिकांतच्या तोंडून निघालं. मग बोंगानीकडे न बघता, "ह्या आमच्या शेजारी राहतात."

बोंगानीनं टोपी काढली. त्यानं मीनलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खिडकीपाशी धरलेला फोटो पाहताना त्याची नजर जशी ठरली होती, तशीच आताही ठरली. मग ती तिच्या गळ्याकडे गेली. टी-शर्टवर मंगळसूत्र बाहेर आलं होतं.

निशिकांत वाट पाहत राहिला. बोंगानी आता काय बोलणार, याची त्याला दिवसभरात वाटली नव्हती तेवढी भीती वाटली.

"बरं झालं तुम्ही भेटलात," बोंगानी मीनलला म्हणाला. काखेतली पिशवी काढून त्यानं आतून तपकिरी कागदाची एक पुडी काढली. "आईनं यांच्या मिसेससाठी पाठवलंय. बाईच्याच हातात द्यायचं, असं बजावलं होतं तिनं, म्हणून यांच्याकडे देत नव्हतो. त्या आल्या की द्याल?"

मीनलच्या एका हातात दूध, दुसऱ्यात कोथिंबीर. तिनं दोन्ही एका हातात घेऊन पुडी घेतली. "देईन," ती म्हणाली.

"फोटोवरून अंदाजानं केलंय," बोंगानी तिच्या गळ्याकडे पाहत म्हणाला. "मला काळजी होती. पण लांबी बरोबर येईल."

बस आली. त्यानं निशिकांतचा हात दोन्ही हातांत धरला, अगदी निशिकांतनं तेव्हा धरला होता तसा. "या परत अलेक्झांड्राला," तो म्हणाला. "या वेळी एकटे येऊ नका. शेजारणीलाही आणा. आई सरबत करेल." आणि तो चढून गेला. बसमधून त्यानं हात हलवला तो दोघांनाही.

लिफ्टमध्ये मीनल म्हणाली, "त्याला कळलं का रे?"

"तुला काय वाटतं?" निशिकांत म्हणाला.

घरात येऊन तिनं पुडी सोडली. निशिकांतनं सवयीनं कागद उलटा करून झटकला, चिठ्ठी आहे का पाहिलं, काही मागितलंय का पाहिलं. कागद कोरा होता. आत काळ्या मण्यांची माळ होती, बारीक, एकेक मणी ओवलेली, आणि मधोमध दोन छोट्या पिवळ्या मण्यांच्या वाट्या, फोटोत दिसल्या तशा.

पोहण्याच्या क्लासहून आलेली जाई ओल्या केसांनी डोकावली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो नाइस लाह, मम्मा. हू गेव्ह यू?"

"माझी नाही ती," मीनल म्हणाली. मग आरशासमोर गेली, माळ गळ्याशी धरली आणि तशीच उभी राहिली. लांबी बरोबर होती.