कोरा चौकोन

मी शिक्का बोलतोय, जपानातल्या नागोयाच्या कुसुदांचा. शिक्षण विचाराल तर तिकडच्या लिपीतली त्यांच्या आडनावाची दोनच अक्षरं, तीही उलटी कोरलेली! पण माझ्या होकाराशिवाय यंत्र कारखान्याबाहेर पडत नसे. तुमच्यातल्या पदवीधरांनी एवढं करून दाखवावं.

कुसुदा विजेचे इंजिनिअर झाले, तेव्हा त्यांच्या आईने मला करून आणलं. करंगळीएवढं लाकूड, पण डोक्याला लाल शाई लागली की माझी ऐट बघावी!

कचेरीत एक रीत होती. कागदावर सहीऐवजी शिक्के मारायचे चौकोन, साहेबाचा डावीकडे, आमचा उजवीकडे. हाताखालच्याने शिक्का डावीकडे कलता मारायचा, म्हणजे साहेबाला वाकून नमस्कार. पंधरा वर्षं मीही वाकलो. कंबर दुखली नाही, कारण मला कंबरच नाही.

मग आम्ही विजेचं कोतात्सू बनवलं. बुटकं मेज, वर गोधडी, खाली शेगडी. पाय आत घालून सगळं घर बसतं. पुरेशी ऊब झाली की वीज आपोआप बंद व्हायची. कुसुदांनी शंभरदा तपासलं. तीनदा वीज तोडणारं बटण चिकटलं, शेगडी तापतच राहिली.

विभागप्रमुख निशिगाकी कागद घेऊन आले. "कुसुदा, उद्या माल निघतोय. मार शिक्का."

"साहेब, बटण चिकटतंय."

"शंभरात तीनदा! तुझ्या बायकोचा भात कधी करपत नाही?"

"करपला तर टाकून देतो, साहेब. माझी आई कोतात्सूत पाय घालून झोपते. तुमचीही झोपत असेल."

आणि कुसुदांनी मला खिशात टाकलं. चौकोन कोरा! सगळी कचेरी माना खाली घालून नसलेली कामं करू लागली. आता नोकरी गेली, म्हणून मला लाकडाला घाम फुटला.

"मीच बसून बघतो!" म्हणत निशिगाकी तणतणत चाचणीच्या खोलीत गेले, बूट काढून गोधडीत शिरले. ऊब लागताच घोरू लागले. दुपारी बोंब ठोकत उठले. मोज्याला भोक, भोकातून धूर, आत लाल अंगठा! कुणी हसलं नाही. मी हसलो, पण खिशात होतो.

तो हिवाळा हुकला. नवं बटण हजारदा तपासून कुसुदांनी मला मारलं, ताठ सरळ. निशिगाकींनी आपला शिक्का उचलला, जरा थांबले, आणि उजवीकडे कलता मारला. आमच्याकडे!

आता कुसुदा ऐंशीचे, माझ्या काठाचा टवका उडालेला. दारात येणाऱ्या पार्सलांपुरता उरलोय. पार्सल आणणारा पोरगा म्हणतो, "आजोबा, सही चालेल की." आजोबा ऐकतात होय!

हजारो ठसे उमटवले. मिरवतो मात्र न उमटवलेला एक. तुमच्याही हाती असा ठोकळा असेल, तर बाबांनो, शाईत बुडवण्याआधी गोधडीखाली कुणाचे पाय आहेत, तेवढं बघा.