चिखलातल्या देवाचा लिलाव

“देवाला सिंहासनावरून खाली उतरवायची वेळ आली आहे,” आमगावच्या एलियाजर मास्तरांनी जाहीर केलं.

“आधी माळ्यावरचा कोहळा उतरवा जी,” बायको सुवार्ता म्हणाली. चर्चमध्ये कापणीचा सण होता आणि कोहळा अर्पण करायचा होता.

मास्तरांची नवी कविता पाळकसाहेबांनी उपासनेत वाचू दिली नव्हती. तिच्यात देव गुडघाभर चिखलात उभा राहून धानाची रोवणी करत होता, आणि माणूस पापी नव्हता, देवाच्या मुठीतलं रोप होता. मास्तरांना मात्र ती चर्चमध्येच ऐकवायची होती. म्हणून त्यांनी कोहळ्याशेजारी कविताही वेदीपुढे ठेवली, यंदाचं पीक म्हणून.

उपासनेनंतर रिवाजाप्रमाणे अर्पणांचा लिलाव लागला. लिलाव पाळकसाहेबच करायचे, आणि वस्तू काय आहे ते सांगितल्याशिवाय बोली लागत नसे. त्यांनी कागद उचलला, मास्तरांकडे डोळे वटारून पाहिलं आणि वाचायला लागले. मधेच त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांची आई जन्मभर रोवणीला गेलेली.

मास्तरांचे डोळे भरून आले. दोन हजार वर्षांचं सिंहासन हललं, असं त्यांना स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून राहेलआजी उठल्या. “पाळकसाहेब, ते चिखलाचं पुन्हा वाचा जी,” त्या म्हणाल्या. “पन आधी तो अर्पणाचा कोंबडा धरा कोनी. माह्या वांग्यांले चोचा मारून राह्यला.”