आठ लेबलांची बाटली

चौदा वर्षं लोकांची लघवी, थुंकी आणि त्याहून वाईट काय काय हाताळूनही नाक मुरडलं नाही, अशी लॅबमध्ये ताईंची ख्याती होती. त्याच बाईला आता स्वतःचा प्रोग्राम पडद्यावर उघडला की मळमळायला लागायचं.

झालं असं की लॅबच्या डॉक्टरबाईंनी तपासणीचं मोठं मशिन घ्यायचं ठरवलं. बाटल्या मशिन हाताळणार. पण रिपोर्ट तयार करणारा प्रोग्राम सांभाळायला कुणीतरी हवं. बाई स्पष्ट म्हणाल्या, "प्रोग्रामिंगचा कोर्स करून पास होऊन ये, ती खुर्ची तुझी. नाही झालीस, तर मशिन आल्यावर तुला द्यायला माझ्याकडे काम उरणार नाही." सहा महिने झाले त्याला.

क्लासची खोली म्हणजे एक शिसारीच होती. कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा आणि कुणाची तरी कुरतडलेली नखं. 'एंटर'चं बटण तर बोटाला चिकटायचं. ताई पहिल्या दिवसापासून पर्समध्ये स्पिरिट आणि कापूस घेऊन यायच्या आणि घासूनपुसूनच बसायच्या. त्यांच्या निम्म्या वयाची पोरं फिदीफिदी हसायची. त्यांनीच ताईंना 'नमुना' हे नाव ठेवलं होतं.

पण खरी किळस कीबोर्डची नव्हती. प्रोग्राममध्ये आकडा ठेवायला नाव देऊन एक जागा करतात. मास्तर तिला डबी म्हणायचे. डबीतला जुना आकडा काढून त्याच डबीत नवा ठेवता येतो, हे त्यांनी वीसदा सांगितलं. ताईंचा हात काही केल्या धजेना. वापरलेल्या डबीत दुसऱ्याचा नमुना? छे! त्या प्रत्येक आकड्याला कोरी डबी घ्यायच्या.

"चार ओळींच्या कामाला एकेचाळीस डब्या!" मास्तरांनी भर वर्गात कपाळावर हात मारला. "ताई, हा प्रोग्राम आहे की भांड्यांचं दुकान?"

वर्ग खो खो हसला. ताईही हसल्या आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडल्या. आपल्या डोक्यात भुसा भरलाय, या वयात हे थेर कुणी सांगितले होते, असं स्वतःलाच घालूनपाडून बोलल्या. नवरा दाराबाहेरून म्हणाला, "अगं, नसेल जमत तर सोड ना." त्याच्या त्या मऊ आवाजाचाही त्यांना वीट आला. तोंड धुऊन त्या पुन्हा टेबलाशी जाऊन बसल्या.

परीक्षेला प्रत्येकाने आपला एक प्रोग्राम दाखवायचा होता, पाच कामं करणारा. ताईंच्या प्रोग्राममध्ये जेमतेम दोन चालत होती, तीही अडखळत. आदल्या दिवशी वर्गात शेजारी बसणाऱ्या चष्मेवाल्याने हळूच एक फाइल पाठवली. "घ्या, ताई. तयार आहे. सगळे हीच देतात. फक्त वर आपलं नाव घालायचं. मास्तरांनाही माहितीये."

ताईंनी ती चालवून पाहिली. पाचही कामं लोण्यासारखी! खुर्ची डोळ्यांसमोर आली. त्यांनी वर आपलं नाव टाइप केलं आणि सवयीने फाइल शेवटपर्यंत वाचायला घेतली. कुणीतरी जुनं नाव न पुसता फक्त बाजूला सारलं होतं. त्याच्या खाली आणखी एक. मग आणखी. ताईंनी मोजली: सात नावं, सात बॅचची. आठवं त्यांचं.

ताईंनी कीबोर्डवरून हात मागे घेतला. लॅबमध्ये एका लेबलावर दुसरं लेबल चिकटवलेली बाटली आली, की आत काय आहे ते बघायचंसुद्धा नाही. सरळ फेकायची. कारण ते कुणाचं आहे, हेच कुणाला सांगता येत नाही. मघाशी आपल्या तोंडाला पाणी सुटलं होतं, हे आठवून त्यांना स्वतःचीच जास्त किळस आली. फाइल त्यांनी पुसून टाकली.

परीक्षेत त्यांनी आपल्या एकेचाळीस डब्याच मांडल्या. दुसऱ्याच कामाला प्रोग्राम अडला आणि पडद्यावर लाल ओळी उमटल्या. मागे कुणीतरी खुसखुसलं. ताईंच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पण त्यांनी ती लाल ओळ रिपोर्ट वाचावा तशी अक्षर न् अक्षर वाचली, सतराव्या डबीच्या जागी सत्ताविसावी घातली, आणि काम पुढे सरकलं. त्याला अकरा मिनिटं लागली.

"पाचपैकी दोन," मास्तर म्हणाले. त्यांची नजर मात्र वर होत नव्हती. "नियमाने नापास, ताई. पुढच्या महिन्यात पुन्हा बसा."

बाकी सगळा वर्ग पास झाला होता.

रस्त्यावर येऊन ताईंनी डॉक्टरबाईंना फोन लावला. लपवून काय उपयोग?

"नापास झाले, बाई."

"बाकीचे?"

"सगळे पास. तयार प्रोग्राम फिरत होता. मलाही मिळाला होता."

"मग दिला का नाहीस? खुर्ची जाते आहे, कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण त्या बाटलीवर आठ लेबलं होती, बाई."



"फेकलीस?"

"फेकली."

"मशिन महिनाभर उशिरा मागवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याच्यावर एक दिवसही नाही." आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर ताईंनी चप्पलसुद्धा काढली नाही. लेक अभ्यास करत होती, तिला टेबलावरून उठवलं आणि आपला प्रोग्राम उघडला. एकेचाळीस डब्या! सतरावी कुठे, सत्ताविसावी कुठे, कशाला कशाचा मेळ नाही.

"शी! काय ही घाण करून ठेवलीय मी," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"आई, रडतेस?" लेकीने घाबरून विचारलं.

"रडायला वेळ कुणाला आहे?" ताईंनी पर्समधून कापूस काढला, कीबोर्ड पुसला आणि पहिली डबी रिकामी करून तिच्यातच दुसरा आकडा ठेवला.