तोरणाखालचा फोटो

पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून आमच्या गावात दरवर्षी तू-तू मैं-मैं होते. यंदा काठ्या निघाल्या आणि सोडवायला मधे पडलेले बळीरामकाका डोक्यात काठी बसून जागीच गेले. मारामारीत होता म्हणून पोलिसांनी माझ्या भावाला, पिंटूला उचललं. तो एकच सांगतो, मारणाऱ्याच्या डोक्याला लाल दुपट्टा होता. आमच्या बाजूचे दुपट्टे हिरवे, समोरच्यांचे लाल. पिंटूचा हिरवा मी स्वतः बांधला होता.

आणि त्या क्षणाचा फोटो होता. कळंबचा फैज, स्टुडिओवाला, त्या दिवशी गावात फोटो काढत होता. मी आईला घेऊन त्याचं दुकान गाठलं. एसटीत आई वाटभर देवाचं नाव घेत होती, मी मात्र निर्धास्त होते.

फैजने कॉम्प्युटरवर फोटो उघडला. वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली बुजलेले बैल, मधे काठी उगारलेला पाठमोरा माणूस आणि त्याच्यापुढे बळीरामकाका. सगळं काळं-पांढरं.

"रंगीत दाखव नं," मी म्हणाले.

"रंगीत नाही, ताई. प्रदर्शनासाठी काढून राह्यलो होतो, कॅमेराच ब्लॅक अँड व्हाइटवर होता. लाल आन् हिरवा याच्यात सारखाच दिसते."

माझं डोकंच फिरलं. बैलांना झुली, शिंगांना बेगड, माणसांना नवे दुपट्टे, आणि या शहाण्याला नेमका रंगच नको होता.

"मंग काय उपेग तुया फोटोचा?"

तो उगाच माऊस इकडेतिकडे हलवू लागला. त्यालाही वाईट वाटत असावं, पण त्याची कीव करायची माझी तयारी नव्हती.

"मोठा कर," आई म्हणाली.

पांढरा सदरा, ताणलेले खांदे, मान. मी राखाडी दुपट्ट्यात लाल शोधत होते. आई दुपट्ट्याकडे पाहतच नव्हती. पाठीकडे पाहता पाहता तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग मीही पाठीकडे पाहिलं. ही पाठ मी लहानपणापासून आमच्याच घरात पाहत आले होते.

"बाबू," आई फैजला म्हणाली, "हा फोटो पुसून टाक."

"काकू, पोलिसाइनं कालच नेला. पाठ कोनाची हाय ते ओळखाले आता घरच्याइलेच बोलावनार हायेत."

"माय डोळ्यानं आंधळी झाली, असं सांगजो त्याइले," आई मला म्हणाली. पण तिची नजर काही केल्या त्या पाठीवरून हटेना.