हातभर कापलेला बांबू

मित्रांनो, पाडव्याच्या दिवशी मला रेशमी वस्त्र नेसवतात, हळदकुंकू लावतात, गळ्यात साखरेच्या गाठी घालतात. उरलेलं वर्षभर मी कोठीच्या दारामागे झाडूशेजारी उभा असतो. मी एक जुना बांबू. माझ्या त्या एका दिवसाच्या थाटाचा हेवा करू नका. त्या थाटापायी माझं काय गेलं, ते आधी ऐका.

मलेशियातल्या जोहोरच्या एका बांबूच्या बेटात आम्ही दोघं भाऊ शेजारी शेजारी उगवलो. सरळसोट वाढलो, आणि सरळ बांबूवरच कोयता आधी पडतो. सिंगापुरात कपडे वाळत घालायला बांबू लागतात, म्हणून आम्ही क्लेमेंटीच्या एका फ्लॅटमध्ये आलो. दहाव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, निशिकांतचे शर्ट आणि मीनलच्या ओढण्या अंगावर घेऊन ऊन खायचं, हेच आमचं काम. हे कुटुंब पुण्याचं. पुढे त्यांना इरा झाली, तेव्हा तिचे लंगोटही आम्हीच वाळवले.

इरा दोन वर्षांची असताना त्यांच्याकडे रोवेना कामाला आली. ती फिलिपीन्समधल्या लेते बेटाची. पहिल्याच आठवड्यात कपडे काढताना तिने आम्हा दोघांना एकमेकांवर आपटून पाहिलं आणि एकटीच हसली. तिच्या गावी बांबूंचा नाच असतो. दोघंजण समोरासमोर बसून दोन बांबू ठेक्यात जमिनीवर आणि एकमेकांवर आपटतात, आणि नाचणारे मधून पाय वाचवत उड्या मारतात. पाय चुकला की घोटा सुजलाच म्हणून समजा.

दर मार्चमध्ये एका रविवारी सिंगापुरातले लेतेकर ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत जमत. गाणी, जेवण, गावाकडच्या बातम्या, थोडी रडारड. तिथे रोवेना आणि तिची थोरली बहीण लुर्देस आमच्यामध्ये नाचत. लुर्देस बुकित पंजांगला एका घरी कामाला होती. शहर एवढंसं, पण दोघींच्या सुट्ट्या जुळत नसत. पन्नाशीतल्या त्या बाया आमच्यामध्ये उड्या मारू लागल्या की पोरी वाटत. लोक टाळ्या वाजवत, आणि खरं सांगतो, मला गर्व होई.

पुढे कुटुंब ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी सोसायटीत, राहायला गेलं. तिथे बाहेर कपडे वाळत घालायला बंदी. आम्ही कचऱ्यातच गेलो असतो, पण रोवेनाने मला आपल्या खोलीत घेतलं. खोली कसली, कोठीच ती. माझ्या भावाला लुर्देस घेऊन गेली. तेव्हापासून आम्हीही त्या बहिणींसारखे वर्षातून एकदाच भेटू लागलो.

आलं २०१८. लुर्देस साठीला टेकली होती, तिचं कामाचं परमिट आता वाढणार नव्हतं. मेळावा झाला की सोमवारी ती कायमची घरी जाणार होती. शनिवारी रोवेनाने मला खोबरेल तेल चोळून चकचकीत केलं, सकाळी घाई नको म्हणून मुख्य दाराशी उभं केलं आणि रविवारी पहाटे ती आधी चर्चला गेली; परत येऊन मला न्यायचं होतं.

त्या रविवारी नेमका पाडवा होता. दरवर्षी हे लोक टेबलावरची वीतभर गुढी आणत. यंदा पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर बघणार, म्हणून मोठी उभारायची ठरली होती.

"निशिकांत, ही बघ काठी! कसली छान आहे!" मीनल म्हणाली.

"उंच होतेय गं, वरच्या स्लॅबला लागतेय. हातभर कापतो."

करवत चालली तेव्हा मी ओरडलो, पण बांबूचं ओरडणं करवतीच्याच आवाजात जातं. मग मला नेसवलं, माझ्या डोक्यावर तांब्या उपडा घातला आणि बाल्कनीत बांधलं. डोळे चोळत इरा बाहेर आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळली, "आई! दॅट वन आंटीज् डान्स स्टिक, लाह! यू नेव्हर आस्क हर?"

तेवढ्यात रोवेना आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या तुकड्याकडे. मीनलचा चेहरा पडला. "सॉरी रोवेना, आय थॉट इट वॉज जस्ट अ लाँड्री पोल."

"शॉर्ट ऑल्सो कॅन, मॅम," रोवेना हळूच म्हणाली. "प्लीज. टुडे लास्ट टाइम विथ माय सिस्टर."

मला बांधलेल्या दोरीची गाठ सोडायला मीनलचा हात पुढे गेला. पण फोनवरून सासूबाई बोलल्या, "अगं, वर्षाचा पहिला दिवस! उभारलेली गुढी सूर्यास्ताआधी उतरवतात का कुठे?" मीनलचा हात खाली आला. तिने रोवेनाला लादी पुसायचा स्टीलचा दांडा दिला. नाही कसं म्हणायचं, म्हणून रोवेनाने तो घेतला आणि कापलेला तुकडा पिशवीत टाकला.

बाल्कनीतून बाग दिसत होती. हजार डोळ्यांनी शोधावं तसं मी भावाला शोधलं. दिसला. लुर्देसच्या खांद्यावर होता. त्यांचं गाणं सुरू झालं. बांबू आणि स्टीलचा दांडा एकदा आपटले, दोनदा आपटले, आणि गाणं थांबलं. नंतर कितीतरी वेळ दोघी बाकावर बसल्या होत्या, मधे माझा भाऊ. विमानात एवढा बांबू नेता येत नाही. पाच वाजता लुर्देसने त्याला नारळाच्या झाडाला टेकवलं आणि ती बसस्टॉपकडे गेली. दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्यांनी त्याला उचलून नेलं म्हणे.

सव्वासातला सूर्य बुडाला. मला रीतसर उतरवलं, सगळ्यांना गाठी वाटल्या. रोवेनानेही एक खाल्ली आणि "थँक्यू मॅम" म्हणाली. वर्षभराने तीही गेली. तो हातभर तुकडा तिने नेला. बॅगेत माझा तेवढाच भाग मावत होता.

मित्रांनो, या घरातली माणसं वाईट नाहीत. मीनल अजून मला पुसताना कापलेल्या टोकावरून बोट फिरवते. पण तुमच्या घरात कोणी परकं माणूस राबत असेल, तर दारामागची काठी उचलण्याआधी एकदा विचारा, "ही कोणाची?" एवढं विचारलंत ना, की पाडव्याला मला हळदकुंकू नाही लावलंत तरी चालेल.