लाल माशाचा रंग कुठं गेला

कोणाले पटणार नाही, पण आमच्या घरचा लाल फायटर मासा एका दुपारीत निळा झाला. त्या साली कपाशीवर लाल्या रोग पडला होता, शिवारभर पानं लाल. नात प्राची शाळेतून आली तसं मी सांगून टाकलं, "बाई, कपाशीनं तुया माशाचा सारा रंग ओढून घेतला!"

सकाळी तिनं काचेच्या पेटीत वाळू अन् वेल मांडली होती. पाणी भरून मासा सोडायचं काम माझ्यावर टाकलं होतं. ती सरळ मोरीत गेली. फवारणीची बादली अजून ओली होती. तिनं बादलीचा वास घेतला. मले मान वर करवेना, तरी म्हटलं, "पाऊस पडला का येते रंग वापस."

"आबा, तुमी या औषधाच्या बादलीनं पाणी भरलं. माहा मासा मेला. हा दुसरा आणला तुमी."